साठातल्या बारा

बाईंनी काचेची सुई अलगद खाली आणली, टेबलाच्या कडेवर बोटाने दोनदा टकटक केली आणि भिंगावरचा डोळा न काढता ओरडल्या, "मामा! हे भिंग पुसलंय की चाटलंय कुणी?"

मामा मोरीपाशी काचसामान धूत होते. या प्रयोगशाळेत ते बाईंच्याही आधीपासून होते, त्यामुळे बाईंच्या आवाजाला ते दचकत नसत.

"सकाळपासून दोनदा पुसलं, बाई."

"मग तिसऱ्यांदा पुसा. नुसतं धुकं दिसतंय."

मामांनी हात कोरडे केले, मऊ कापड आणलं, लखलखीत भिंग पुन्हा पुसलं आणि मोरीकडे परतले. बाईंनी डोळा लावला. धुकं होतं तिथंच होतं. काय कटकट आहे, असं पुटपुटत त्यांनी समोरच्या दोन गोल ठिपक्यांतला एक सुईने बाजूला ओढला, वहीत निळ्या शाईने वेळ लिहिली आणि पुढच्या पेशीकडे वळल्या.

काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. प्लेटवर यीस्टच्या साठ पेशी ओळीने मांडलेल्या. यीस्टची पेशी वाढते ती मधोमध दुभंगून नव्हे. तिच्या अंगावर एक कळी फुटते, कळी फुगते आणि दीड तासाने सुटी होते. सुटते ती लेक, मागे राहते ती आई. केसाहून बारीक सुईने लेकीला बाजूच्या ढिगाऱ्यात ढकलायचं, आईच्या जागी आईला ठेवायचं, वेळ टिपायची आणि पुढच्या लेकीची वाट बघायची. पंचवीस-तीस लेकी झाल्या की आई थकते, कळ्या रेंगाळत येऊ लागतात आणि एक दिवस येतच नाहीत. संध्याकाळी प्लेट फ्रिजमध्ये ठेवायची. थंडीत पेशी थबकून राहतात आणि सकाळी उरलेलं आयुष्य पुढे चालू होतं.

गंमत आहे ती कळी सुटण्याआधी. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रिया असतात, ते ऊर्जा तयार करतात. एक मोठी पिशवीसारखी रिक्तिका असते, तिच्यात कचरा साठतो. हे सगळं सामान बारीक तंतूंच्या दोऱ्यांवरून कळीत ओढून नेलं जातं. पण आई सगळंच जाऊ देत नाही. धडधाकट मायटोकॉन्ड्रिया पुढे पाठवते आणि मोडकेतोडके मागे अडकवून ठेवते. लेक कोरी करकरीत जन्माला येते, आई म्हातारी होत जाते. बाईंनी यात तीस वर्षं घातली होती. एकदा त्यांनी हे मामांना समजावून सांगितलं, तेव्हा मामा म्हणाले होते, "म्हणजे आमच्या घरासारखंच. ताजं लेकीला, शिळं आईला." बाई म्हणाल्या होत्या, "तीस वर्षं उगाच घालवली. तुम्हालाच विचारायला हवं होतं."

एक वाजता मुंगी आली.

हे नाव बाईंनीच ठेवलेलं. पोरगी लहानखुरी, दिवसभर इकडून तिकडे, हातात सतत काहीतरी, आणि तोंडातून शब्द नाही. पाच वर्षांत हे नाव इतकं चिकटलं की तिचं खरं नाव आता फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. आई मोडके मायटोकॉन्ड्रिया नेमके कशाने अडकवून ठेवते, तो हुकासारखा आकडा मुंगीने शोधून काढला होता. आकडा काढून टाकला की सगळा कचरा लेकीच्या गळ्यात पडतो, हेही तिने दाखवलं होतं. प्रबंध लिहून होत आला होता. उरला होता तो हा एक प्रयोग, आणि तोही एका माणसाच्या हट्टापायी.

तो माणूस म्हणजे बाहेरचे परीक्षक. प्रबंधाचा आराखडा वाचून त्यांनी एकच प्रश्न लिहून पाठवला होता. शेवटपर्यंत मोजलेली पेशी ही सुरुवातीला मांडलेलीच आई होती, हे कशावरून? बाईंचं डोकं फिरलं होतं. यापूर्वी दोनदा भेटले तेव्हाही ते गृहस्थ प्रत्येक वाक्याला "कशावरून?" म्हणाले होते, म्हणून बाई त्यांना कशावरूनसाहेब म्हणत. पण ओरडून उपयोग नव्हता. मुंगीला पुढचं काम मिळायचं होतं ते त्याच साहेबांच्या प्रयोगशाळेत. त्यांना सुई धरणारा हात हवा होता, तसा हात मिळणं कठीण असतं, आणि जागा एकच होती.

म्हणून या वेळी साठही पेशींच्या अंगावर आधी एक रंग चढवला होता. निळ्या प्रकाशात तो हिरवा चमकतो. आईचं कवच जुनं, ते शेवटपर्यंत चमकणार. लेकीचं कवच नव्याने तयार होतं, तिला रंग नाही. तो प्रकाश पेशींना सोसत नाही, त्यामुळे मधेच लावून बघायची सोय नव्हती. सगळ्या पेशी मेल्या की दिवा लावायचा आणि साहेबांच्या हातात साठ हिरवे ठिपके ठेवायचे.

"मॅडम," मुंगी म्हणाली, "उद्या सकाळी मी बसू का? तुम्ही दुपारी बसा."

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

"हाताला काही नाही."

"मग? सकाळी आठला येतेस का कधी तू? बस आता. एकोणीस नंबर बघ, कशी चालली आहे. एकेचाळिसावी लेक! आपल्या हयातीत अशी आई बघितली नव्हती."

मुंगीने एकोणीस नंबर बघितला. बराच वेळ बघितला. मग वहीत वेळ लिहिली, पेन्सिलीने, आणि पुढे सरकली.

"शिवाय दिवा जरा..." ती म्हणाली.

"नाचता येईना अंगण वाकडं!" बाई पर्स उचलत म्हणाल्या. "याच दिव्यात मी तुझ्या जन्माआधीपासून काम करतेय."

त्यानंतर आठवड्याने शेवटची पेशी थांबली. काळोख्या खोलीत निळा दिवा लावला. बाई खुर्चीवर बसल्या आणि मुंगी प्लेट सरकवत एकेक नंबर वाचू लागली. चमकतो. चमकतो. चमकतो. नाही.

"काय नाही?"

"सात नंबर चमकत नाही, मॅडम."

"नीट बघ."

तिने नीट बघितलं. मग अकरा नंबर, मग सोळा, मग एकोणीस. एकोणीस नंबरपाशी बाई उठल्या आणि तिला बाजूला सारून स्वतः डोळा लावून बसल्या. हिरवा रंग त्यांनाही दिसत होता, चांगला लख्ख दिसत होता. एकोणीसच्या जागी फक्त काळं होतं.

शेवटी बेरीज झाली. साठातल्या बारा आया आया नव्हत्याच. कुठेतरी आई ढिगाऱ्यात गेली होती आणि तिच्या जागी लेक बसली होती. लेकीचं आयुष्य आईच्या खात्यावर मोजलं गेलं होतं, म्हणून तर एकोणीस नंबर त्रेपन्नपर्यंत पोचली होती.

"बारा!" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बंद दारातून बाहेर मामांपर्यंत गेला. "एखादी चुकली तर समजू शकते. बारा? दुपारी डुलक्या काढत होतीस का?"

"चूक झाली, मॅडम."

"चूक झाली म्हणे! त्या कशावरूनला काय सांगायचं? की पाच वर्षं झाली तरी माझी विद्यार्थिनी आईला आई म्हणून ओळखत नाही? आयती जागा चालून आलीय, ती घालवलीस हातची."

"त्या बारा गाळून लिहिते. अठ्ठेचाळीसवर निष्कर्ष तोच राहतो, मी आकडे मांडून बघितलेत."

"कधी बघितलेस? आत्ता तर दिवा लावला."

मुंगीने प्लेटवर झाकण ठेवलं. बाईंनी कपाळाला हात लावला आणि तरातरा निघून गेल्या. रागाच्या भरात तो प्रश्न त्यांच्या डोक्यातूनही निघून गेला.

चार दिवसांनी शेवटचं प्रकरण टेबलावर आलं. एक्क्याण्णव नंबरच्या पानावर वाक्य होतं. 'बारा पेशींमध्ये आई व लेक यांची अदलाबदल झाली. ही प्रयोग करणाऱ्या व्यक्तीची चूक असून त्या पेशी मोजणीतून वगळल्या आहेत.' बाईंनी 'व्यक्तीची' या शब्दाखाली लाल रेघ ओढली. व्यक्ती म्हणे! सरळ 'माझी' लिहायला लाज वाटते. त्यांना वाटलं, हिला एकदा वही उघडून दाखवली पाहिजे, हे बघ, या दिवशी, या वेळी, अशी चुकलीस. नुसतं ओरडून ही पोरगी सुधारणार नाही. पुढे तिथं जाऊन हेच करेल आणि नाव माझं खराब होईल.

चूक वहीतून सापडणार होती. तरुण आईला कळीला दीड तास लागतो, म्हातारीला दोन, अडीच, तीन. पण म्हातारीला ढकलून तिच्या जागी लेक बसवली, की वेळ एकदम पुन्हा दीड तासावर येते. म्हातारी एकाएकी धावायला लागली की समजायचं, त्याच्या आधीच्या खेपेला घात झाला.

बाईंनी वही उघडली आणि लाल पेन हातात धरून एकोणीस नंबरचं पान काढलं. दोन तास. सव्वादोन. तीन. तीन. मग दीड. पुन्हा दीड. त्यांनी बोट एक ओळ वर नेलं. अकरा चाळीस. शाई निळी.

त्यांनी सात नंबर काढला. निळी. अकरा. निळी. सोळा नंबरला त्यांना हायसं वाटलं, तिथं पेन्सिल होती. मग पुढचा निळा, त्याच्या पुढचाही निळा. निळं पेन साऱ्या प्रयोगशाळेत त्यांच्या एकटीचं होतं, मुंगी जन्मात पेन्सिलीशिवाय लिहीत नव्हती. शेवटी हिशेब झाला तो असा, बारातल्या अकरा निळ्या आणि एक पेन्सिलीची. आणि त्या बाराही ओळींसमोर समासात पेन्सिलीचा एकेक बारीक ठिपका होता, इतका बारीक की वही नाकाशी आणल्यावर दिसला.

मामा चहा घेऊन आले तेव्हा बाई वही नाकाशी धरून बसल्या होत्या.

"मामा, तिकडचा दिवा कुणी बदललाय?"

"कुठला दिवा?"

"सुईच्या टेबलावरचा. परवा जाता जाता हात लागला, चटका बसला. आधीचा इतका तापत नव्हता."

मामांनी कपबशी ठेवली. "मुंगीताईंनी सांगितलं मोठा लावायला. दहा दिवस होऊन गेले. बाईंना सांगू नका म्हणाल्या." मग जरा थांबून म्हणाले, "आणि भिंग मी रोज पुसत होतो, बाई. खरंच पुसत होतो."

"माहीत आहे मला पुसत होतात ते!" बाई खेकसल्या. मामा निघून गेले. बाईंना लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. तो कुणावर काढावा ते कळेना. घरी नवऱ्याने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ तीनदा घेतली होती आणि तिन्ही वेळा बाईंनी ती पुढे ढकलली होती. त्यांना पहिला राग नवऱ्याचा आला. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं.

मुंगीला बोलावणं गेलं. ती आली, टेबलावरची उघडी वही बघितली आणि दार लावून घेतलं.

"हे ठिपके कधीचे?"

"त्या त्या दुपारचे. मी बसले की जागेवरची पेशी वेगळी दिसायची. आदल्या संध्याकाळी सुरकुतलेली असायची, दुसऱ्या दुपारी गुळगुळीत. तोवर आई ढिगाऱ्यात गेलेली, तिथून ती शोधून कशी काढणार?"

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं, मॅडम. पहिल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, भिंग पुस."

बाईंनी वही उगाचच आपल्याकडे ओढली.

"मग म्हटलं, सकाळी मी बसते. तुम्ही म्हणालात, आठला येतेस का कधी. मग दिव्याचं म्हटलं, तर अंगण वाकडं." मुंगीचा आवाज पाच वर्षांत पहिल्यांदा चढला. "कसं सांगायचं अजून? पाटीवर लिहून? हात टेकले मी तुमच्यापुढे. रोज दुपारी इथं येताना एकच विचार असायचा, आज किती जणींच्या जागा बदलल्या असतील."

एवढं बोलून ती स्वतःच घाबरली आणि ओढणी सारखी करत उभी राहिली. बाईंना वाटलं होतं आपण भडकू, पण भडकायलाही काही हाताशी लागेना.

"परीक्षेत काय सांगणार होतीस?"

"माझी चूक म्हणून सांगणार होते."

"म्हणजे जागा गेली. साठात बारा चुकणारा हात तो कशाला घेईल?"

"बघू. त्यातली एक तर माझी आहेच."

"आणि अकरा?"

"तुमची म्हणून सांगितलं तर लोक तुमचं जुनं सगळं उकरायला लागतील. तीस वर्षांचे आकडे. ज्यांची आजवर हिंमत झाली नाही तेही बोलतील. आणि तुमचं रिटायरमेंटला वर्ष राहिलंय, मॅडम. मला काय, दुसरीकडे कुठेतरी मिळेल."

"कुठेतरी मिळत नाही, मला माहीत आहे." बाईंनी वही मिटली. "मी सांगीन परीक्षेत. आणि हे बघ, डोळ्यांना काही झालेलं नाही माझ्या. त्या दिवसांत झोप नव्हती, दोन समित्यांची कामं होती डोक्यावर. दमले होते मी. लक्ष देऊन बसले की आजही दिसतं."

"बरं, मॅडम," मुंगी म्हणाली.

तोंडी परीक्षेला लांब टेबलाभोवती पाच जण बसले. विभागप्रमुख सारखे घड्याळ बघत होते. कशावरूनसाहेब सडपातळ, मऊ आवाजाचे, समोर प्रबंधाची प्रत, तिच्यात रंगीत चिठ्ठ्यांचं रान माजलेलं. तासभर मुंगीने एकेका कशावरूनला उत्तर दिलं. न अडखळता दिलं, एकदा तर साहेबांची बेरीजही दुरुस्त केली. बाईंना बरं वाटत होतं, पण त्या सारख्या साहेबांसमोरच्या प्रतीकडे बघत होत्या. कारण एक्क्याण्णव नंबरच्या पानावर पिवळी चिठ्ठी होती आणि ती अजून शिल्लक होती.

साहेबांनी ते पान उघडलं. "बारा पेशींत अदलाबदल. साठात बारा म्हणजे पाचातली एक. ही जी 'प्रयोग करणारी व्यक्ती' आहे, ती कोण?"

"सर, ती..." मुंगी म्हणाली.

"मी," बाई म्हणाल्या.

विभागप्रमुखांनी घड्याळावरून नजर काढली. "मॅडम, मार्गदर्शकांनी मध्ये बोलायचं नसतं."

"मग काढा मला बाहेर. पण आधी लिहून घ्या. बारातल्या अकरा माझ्या. एक तिची. हिने सगळ्या त्याच दिवशी ओळखल्या होत्या, माझ्या आणि स्वतःचीसुद्धा. वहीत खुणा आहेत."

मग साहेब हसले, अगदी आदराने हसले, आणि बाईंच्या लक्षात आलं की काहीतरी भलतंच होतंय.

"मॅडम, याच सुईने केलेलं तुमचं काम वाचून मी या विषयात आलो. तुमचा हात सगळे ओळखतात. विद्यार्थिनीला पाठीशी घालावंसं वाटणं मी समजू शकतो. मोठं मन लागतं त्याला."

"मोठं मन काय? मी खरं सांगतेय!"

"कशावरून?" साहेबांनी मऊपणे विचारलं.

"ही वही बघा. निळी शाई माझी."

"नोंद कुणी केली ते शाईवरून कळतं. सुई कुणाच्या हातात होती ते नाही कळत. मॅडम शेजारी बसून वेळ टिपत असतील आणि विद्यार्थिनी सुई चालवत असेल. बहुतेक ठिकाणी असंच चालतं." ते मुंगीकडे वळले. आवाज अजूनही मऊच होता. "आमच्याकडे हाताला फार महत्त्व आहे. बाकी काम तुमचं उत्तम आहे. पण साठात बारा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि पिवळी चिठ्ठी काढून नीट घडी घातली.

विभागप्रमुख मान डोलावत होते. शेजारच्या प्राध्यापकबाई कौतुकाने बघत होत्या. तीस वर्षांत बाईंना कुणी मायाळू म्हटलं नव्हतं. त्यांच्या खोलीतून पोरं रडत बाहेर पडली होती, दोघं तर प्रबंध अर्धा टाकून पळाली होती, आणि त्याबद्दल कुणी कधी शंका घेतली नाही. आयुष्यात एकदा सरळ कबुली दिली, तर हे सगळे मिळून तिला माया म्हणतात! बाईंना किंचाळावंसं वाटलं. समोर मुंगी टेबलाकडे बघत बसली होती, हातातली पेन्सिल दोन बोटांत घट्ट धरून. जागा चालली होती आणि ती अडवायला तिने तोंडही उघडलं नसतं.

"चला," बाई उठल्या.

"कुठे?"

"तुम्हाला कशावरून हवंय ना? चला पलीकडे."

पलीकडे सुईचं टेबल तयारच होतं. परीक्षेनंतर पाहुण्यांना दाखवायला म्हणून मुंगीने म्हाताऱ्या पेशींची एक प्लेट लावून ठेवली होती. त्यासाठी भिंगाला आजपुरता कॅमेरा जोडला होता आणि भिंतीवरच्या पडद्यावर चित्र येत होतं. सगळे आत येऊन उभे राहिले. मामा दाराशी थांबले. बाई पडद्याकडे पाठ करून स्टुलावर बसल्या. वाटेतल्या वीस पावलांत त्यांनी ठरवून टाकलं होतं. यात अवघड काही नव्हतं. लेक नुकतीच सुटलेली एक जोडी घ्यायची, नीट बघायचं, आई कोणती ते ओळखायचं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिलाच ढिगाऱ्यात ढकलायचं. मुद्दाम. मग बोला म्हणावं, कुणाचं मन मोठं आहे ते.

त्यांनी भिंगाला डोळा लावला. मामांनी आज सकाळी भिंग पुसलं होतं, चांगलं दोनदा पुसलं असणार. दिवा मोठा होता. झोप पुरेशी झाली होती, समित्या संपल्या होत्या. बाईंनी श्वास रोखला, चाक फिरवून चित्र मागेपुढे केलं, जोडी मधोमध आणली आणि लक्ष देऊन बघितलं. इतकं लक्ष देऊन त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत काही बघितलं नव्हतं.

धुक्यात दोन गोल होते. एक जरा मोठा, एक जरा लहान. म्हातारीच्या शेवटच्या लेकी कधीकधी तिच्याहून थोराड जन्मतात, त्यामुळे आकारावर जायचं नसतं, सुरकुती बघायची असते. हे त्यांनीच तीस वर्षं पोरांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. सुरकुती दिसत नव्हती. त्यांनी डोळा बदलला. मग पहिला पुन्हा लावला. मागे कुणीतरी खाकरलं.

मुद्दाम चुकायचं ठरवून त्या बसल्या होत्या आणि चूक कोणती तेच त्यांना कळत नव्हतं. अंदाजाने एक ओढली आणि नशिबाने बरोबर निघाली तर? साहेब टाळ्या वाजवतील. पडद्यावर सगळ्यांना स्वच्छ दिसत असेल, आपल्यालाच तेवढं दिसत नाही, हे लक्षात आलं आणि त्यांचा हात सुईवरच थांबला.

त्यांनी भिंगावरून डोळा काढला. खोलीत त्यांना बऱ्याच माणसांमधून मुंगी कुठे उभी आहे ते शोधावं लागलं.

"ए," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, चिडका, पण हळू. "सांग गं मला. यातली आई कोणती?"

साहेबांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

मुंगीने पडद्याकडे एकदा बघितलं आणि मग बाईंकडे.

"डावीकडची, मॅडम," ती म्हणाली. "लहान दिसतेय ती."